स्क्रीनवर वाचताना डोळ्यांना आराम कसा मिळेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुद्रितशोधन करते. श्रावण लागला की दिवाळी अंकांची प्रुफं येऊ लागतात आणि दसऱ्यापर्यंत रोज आठ-नऊ तास वाचन चालतं. पूर्वी हे सगळं कागदावर व्हायचं. आता लॅपटॉप, टॅब, फोन आणि ई-रीडर या चारही पडद्यांवर वाचते. त्यामुळे लेखक, वाचक, शेजारपाजारच्या मुलांच्या आया, सगळे मला डोळ्यांबद्दल विचारतात. मी डॉक्टर नाही. जे तपासून पाहिलंय, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून समजून घेतलंय आणि रोजच्या कामात वापरते, तेच इथे लिहिलंय.

स्क्रीनवर वाचून डोळे कायमचे बिघडतात का?

मोठ्या माणसांचे नाही. डोळे चुरचुरणं, जड होणं, संध्याकाळी लांबचं धूसर दिसणं, कपाळ दुखणं हे थकव्याचे त्रास आहेत आणि विश्रांतीनंतर जातात. पण रोज संध्याकाळी डोळे दुखत असतील तर वाचनाचा आनंदच जातो, म्हणून त्यावर उपाय करायलाच हवा. लहान मुलांची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे आहे.

मग डोळे नेमके कशाने थकतात?

मुख्यतः दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे पापणी लवायची विसरते. जपानमधल्या काझुओ त्सुबोता आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ साली हे मोजून दाखवलं. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी लववतो, टेबलावरचं पुस्तक वाचताना १० वेळा आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाचताना ७ वेळा. म्हणजे पुस्तकातही माणूस गुंगतोच. पण त्यांनी आणखी एक मोजमाप घेतलं होतं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुस्तक खाली असतं, त्यामुळे वरची पापणी अर्धी उतरलेली असते आणि डोळ्याचा सुमारे १.२ चौरस सेंटिमीटर भाग उघडा राहतो. समोरच्या पडद्याकडे बघताना तो २.३ चौरस सेंटिमीटर होतो. जवळजवळ दुप्पट भागावरची ओल उडून जाते आणि पापणी ती परत पसरवायलाही येत नाही. वर पंखा फुल स्पीडवर किंवा तोंडावर एसी असेल तर विचारायलाच नको.

यावरचा उपाय फुकट आहे. मॉनिटर खाली घ्या. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा त्याहून थोडी खाली हवी. माझा मॉनिटर पूर्वी दोन जाड शब्दकोशांवर ठेवलेला असायचा. ते काढले आणि दुपारची चुरचुर निम्म्याने कमी झाली. पंखा पाठीमागून किंवा बाजूने येऊ द्या.

दुसरी गोष्ट अंतराची. जवळचं दिसावं म्हणून डोळ्याच्या आतला एक छोटा स्नायू सतत आवळलेला राहतो. चष्म्याच्या नंबराच्या हिशेबात सांगायचं तर ६६ सेंटिमीटरवरच्या मॉनिटरसाठी डोळा दीड नंबरचं काम करतो, ४० सेंटिमीटरवरच्या पुस्तकासाठी अडीचचं, आणि उशीवर डोकं ठेवून २० सेंटिमीटरवर धरलेल्या फोनसाठी तब्बल पाचचं. दोन्ही डोळे आत वळवून एका ठिकाणी जुळवायचे, हे कष्ट आणखी वेगळे. अंथरुणात फोन वाचून डोळे का ओढल्यासारखे होतात ते यावरून कळेल.

एलसीडी, ओएलईडी आणि ई-इंक यांपैकी डोळ्यांना कोणता पडदा चांगला?

आधी तिन्ही कसे चालतात ते बघू. एलसीडीच्या मागे दिवा असतो आणि पुढचे द्रवस्फटिक त्या दिव्याचा प्रकाश अडवतात किंवा सोडतात. बहुतेक लॅपटॉप, मॉनिटर आणि स्वस्त टॅब या जातीचे. ओएलईडीत मागे दिवा नसतो. प्रत्येक टिंब (पिक्सेल) स्वतः उजळतं, काळं दाखवायचं असेल तर विझतं. मध्यम किमतीपासून वरचे फोन हल्ली बहुधा हेच असतात. ई-इंकमध्ये केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात. त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे पांढरे आणि काळे कण तरंगतात, त्यांतले जे वर येतील तो रंग दिसतो. एकदा अक्षर उमटलं की ते वीज न वापरता तसंच राहतं, आणि खोलीतला उजेड त्यावर पडून आपल्याला दिसतो, अगदी कागदासारखा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून हे तंत्र निघालं, १९९७ मध्ये त्याची कंपनी झाली, २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये त्यावरचं पहिलं वाचनयंत्र विकलं आणि २००७ च्या नोव्हेंबरात अ‍ॅमेझॉनचा ई-रीडर किंडल आला.

आता थकव्याचं. याबाबत अभ्यासांचा कौल एकमुखी नाही. स्वित्झर्लंडमधल्या २०१२ च्या अभ्यासात एलसीडी आणि ई-इंकवर कित्येक तास वाचूनही थकव्यात फारसा फरक आढळला नाही. फ्रान्समधल्या २०१३ च्या अभ्यासात एलसीडीवर थकवा जास्त दिसला. दोन्हींत वाचणारी माणसं मोजकीच होती.

माझा अनुभव असा की अक्षराचा आकार, अंतर आणि उजेड हे तीन नीट असतील तर चांगल्या एलसीडीवर मी चार तास आरामात वाचते. ते तीन चुकले तर महागातला महाग पडदाही त्रास देतो. तरीही भर उन्हात, गॅलरीत किंवा एसटीच्या खिडकीशी वाचायचं असेल तर ई-इंकला तोड नाही, कारण ऊन जितकं जास्त तितकं अक्षर स्वच्छ दिसतं.

फक्त वाचनासाठी ई-रीडर घ्यावा का?

कथा-कादंबऱ्या, आत्मचरित्रं, सलग वाचायचा मजकूर असेल तर जरूर घ्या. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून मिळू लागली, आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं हा त्यांचा खरा फायदा. पण जुनी स्कॅन केलेली पुस्तकं किंवा दिवाळी अंकांच्या पीडीएफ वाचायच्या असतील तर सहा-सात इंची ई-रीडर घेऊन पस्तावाल. अक्षर मुंगीएवढं दिसतं, आणि झूम करून पान सरकवताना पडदा हळू बदलतो. त्यासाठी दहा इंचांचा टॅब बरा.

रंगीत ई-इंक घेण्याआधी दुकानात हातात धरून पाहा. त्यात काळं-पांढरं इंचाला ३०० टिंबांचं असलं तरी रंगाचा भाग साधारण १५० टिंबांचाच असतो आणि पान थोडं राखाडी दिसतं.

इंग्रजीपेक्षा मराठी वाचताना डोळ्यांना जास्त ताण येतो. हा माझा भ्रम आहे का?

भ्रम नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपलं अक्षर तीन मजली आहे. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. मध्ये अक्षराचा देह. खाली उकार, ऋकार, हलन्ताचा पाय. इंग्रजीत ‘आय’वरचा ठिपका दिसला नाही तरी शब्द कळतो. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला फरक एका वळणावर आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्यात फक्त शिरोरेघेच्या तुटण्याचा किंवा एका गाठीचा फरक. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ लहान आकारात बुजते आणि त्याचा ‘व’ होतो.

आता हिशेब करा. २४ इंची साध्या फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ टिंबं बसतात. अकरा पॉइंटचा मजकूर मूळ आकारात दाखवला तर वरपासून खालपर्यंत त्याच्या वाट्याला जेमतेम १४ टिंबं येतात. या चौदात तीन मजले बसवायचे. सत्तर टक्के झूमवर दहाच उरतात. एक टिंब सुमारे ०.२८ मिलिमीटरचं असतं, आणि चांगल्या नजरेला ६० सेंटिमीटरवरून ०.१७ मिलिमीटरपर्यंतचा तपशील कळतो. म्हणजे डोळा पाहू शकतो तेवढं पडदा दाखवतच नाही. राहिलेलं मेंदू अंदाजाने भरतो, आणि दिवसभर असं अंदाजाने वाचणं दमवतं.

दोन वर्षांपूर्वी पंगतींवरच्या एका लेखाचं प्रूफ मी घाईत, अख्खं पान एका नजरेत मावेल अशा आकारात वाचलं. ‘आचाऱ्यांनी बुंदी पाडली’ हे वाक्य ‘आचार्यांनी बुंदी पाडली’ असं छापून आलं. ‘ऱ्या’चा तो चंद्रकोरीसारखा अर्धा र आणि ‘र्या’चा डोक्यावरचा रफार, दोन्ही त्या आकारात मला सारखेच दिसले होते. लेखकाने फोन केला तेव्हा फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून मी पूर्ण पान एका वेळी वाचत नाही. पानाची रुंदी पडद्याभर करते आणि खाली सरकत जाते.

अक्षर किती मोठं हवं?

पॉइंट विसरा, पट्टी लावून मोजा. शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत, म्हणजे ‘क’ किंवा ‘म’ची उंची, हातभर लांबच्या मॉनिटरवर ४ मिलिमीटर आणि ३५ सेंटिमीटरवर धरलेल्या फोनवर अडीच मिलिमीटर असावी. एवढ्यावर माझं बरं चालतं. चाळिशी ओलांडली असेल तर आणखी वाढवा, त्यात लाज कसली?

ओळींमधली जागाही तितकीच महत्त्वाची. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकत असेल तर नजर ओळ चुकते. अक्षराच्या दीडपट अंतर ठेवा. ब्राउझरमध्ये रीडर मोड असेल तर तो चालू करा, जाहिराती जातात आणि ओळी ऐसपैस होतात.

कोणता फॉन्ट बरा?

ज्याच्या रेघा सगळीकडे साधारण सारख्या जाडीच्या आहेत आणि पोटं मोकळी आहेत तो. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ आणि गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे दोन्ही फुकट आहेत आणि कमी टिंबांच्या पडद्यावरही टिकतात. विंडोजवर वर्षानुवर्षं दिसणारा ‘मंगल’ र. कृ. जोशींनी घडवला. जुन्या जाड टिंबांच्या पडद्यांवर मराठी वाचता आली त्याचं मोठं श्रेय त्याला आहे. ‘टिरो देवनागरी मराठी’ छापील पुस्तकासारखा देखणा आहे, पण त्याच्या बारीक रेघांना फोन किंवा ३०० टिंबांचा ई-रीडरच हवा.

फॉन्ट निवडताना ‘श’ आणि ‘ल’ बघून घ्या. मराठीचा देठवाला ‘श’ आणि पाकळीवाला ‘ल’ असेल तर नजर अडखळत नाही. राज्य शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात याच रूपांचा आग्रह धरला होता, आणि मला तो मनापासून पटतो.

फोनवर पीडीएफ वाचवतच नाही. काय करू?

वाचवणार कसं? ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद आणि फोन सत्तर. पान एक तृतीयांश होतं, आणि बारा पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर याहून मोठा असतो.

फोन आडवा धरा आणि पानाच्या कडेचे कोरे समास कापून टाका, बहुतेक वाचन अ‍ॅपमध्ये ती सोय असते. दोन स्तंभांचं पान असेल तर एका स्तंभावर दोनदा टॅप करून तेवढाच पडदाभर करा. मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या उपकरणांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) असेल तर कॉपी करून नोट्समध्ये टाकून मोठ्या अक्षरात वाचता येतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला असेल तर पेस्ट केल्यावर निरर्थक चिन्हंच उमटतील, तिथे मोठ्या पडद्याला पर्याय नाही. आणि अंक काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती: पीडीएफसोबत ई-पब (पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी जुळवून घेणारी फाइल) द्या. तुमचे निम्मे वाचक फोनवर आहेत.

ब्राइटनेस किती ठेवावा?

स्क्रीनशेजारी एक कोरा कागद धरा. पडदा कागदापेक्षा दिव्यासारखा चमकत असेल तर कमी करा, मळका राखाडी दिसत असेल तर वाढवा. दोन्ही सारखे दिसले की झालं. वाचायच्या टेबलावर ५०० लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड असेल तर पांढरा कागद साधारण १२५ निट्स (दिसणाऱ्या उजळपणाचं माप) परत फेकतो. अंधाऱ्या खोलीत पूर्ण ब्राइटनेसचा फोन याच्या कितीतरी पट असतो.

खोलीतला दिवा बंद करून वाचायची सवय सोडा. खिडकी डोळ्यांसमोर किंवा पाठीमागे नको, बाजूला हवी. पाठीमागे असेल तर पडद्यात तिचं प्रतिबिंब दिसतं, समोर असेल तर डोळे दिपतात.

डार्क मोडने आराम मिळतो ना?

अंधारात थोडा मिळतो, कारण एकूण प्रकाश कमी होतो. पण दिवसा किंवा दिव्याखाली सलग वाचायला पांढऱ्यावर काळं हेच सोपं जातं. पडदा उजळ असला की बाहुली लहान होते आणि अक्षराच्या कडा रेखीव दिसतात. काळ्या पडद्यावर बाहुली मोठी होते. सिलिंडर नंबर (डोळ्याचा गोलावा सगळीकडे सारखा नसल्याने लागणारा) असलेल्यांना तर पांढरी अक्षरं फाकल्यासारखी दिसतात. मराठीत ते जास्त जाणवतं, कारण शिरोरेघ ओळभर ट्यूबलाइटसारखी चमकते आणि वरचे अनुस्वार तिच्यात मिसळतात.

ज्यांना मोतीबिंदूमुळे प्रकाश सहन होत नाही त्यांना डार्क मोड खरंच उपयोगी पडतो. बाकीच्यांनी फिकट पिवळसर पार्श्वभूमी करून पाहावी.

ब्लू-लाइटचा चष्मा घेऊ का? दुकानदार आग्रह करतोय.

डोळ्यांच्या थकव्यासाठी घेत असाल तर पैसे वाचवा. वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचांपेक्षा या काचांनी ताण कमी होतो असं त्यांत दिसलं नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमीही असे चष्मे सुचवत नाही. पडद्यातून येणारा निळा प्रकाश दिवसाच्या उजेडापुढे नगण्य असतो. त्याच पैशांत नंबर नीट तपासून घ्या. अर्ध्या नंबराचा सिलिंडर राहून गेलेला असतो आणि माणूस निळ्या प्रकाशाला दोष देत बसतो.

पण रात्री वाचलं की झोप येत नाही, त्याचं काय?

तो वेगळा विषय, आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ जणांनी पाच रात्री झोपण्याआधी चार तास टॅबवर वाचलं, आणि पाच रात्री छापील पुस्तक. टॅबवाल्या रात्री झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली आणि झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन दीड तास उशिरा वाढलं. ब्राइटनेस पूर्ण होता हे मात्र ध्यानात घ्या.

रात्री ब्राइटनेस अगदी खाली आणा, किंवा ई-रीडर साध्या दिव्यात वाचा. आणि काय वाचताय तेही बघा. निवडणुकीच्या बातम्या वाचून उडालेली झोप कोणत्याही फिल्टरने येणार नाही.

फोनचा ब्राइटनेस कमी केला की उलट डोकं दुखतं. असं का?

बहुधा तुमचा फोन ओएलईडी आहे. हे पडदे मंद करण्यासाठी बरेचदा प्रकाश खरोखर कमी करत नाहीत, तो वेगाने चालू-बंद करतात, अनेक फोनांत सेकंदाला २४० ते ४८० वेळा. डोळ्याला लुकलुक दिसत नाही, पण काहींना डोकेदुखी, मळमळ जाणवते. सगळ्यांना होत नाही, म्हणून घरातले लोक ‘तुझं काहीतरीच’ म्हणतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

तपासायचं असेल तर ब्राइटनेस कमी करून दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यातून पडद्याकडे पाहा. काळे पट्टे सरकताना दिसले की समजा. उपाय म्हणजे ब्राइटनेस पन्नास टक्क्यांच्या वर ठेवा आणि प्रकाश दुसऱ्या रीतीने कमी करा. अँड्रॉइड १२ पासून ‘एक्स्ट्रा डिम’ आहे, आयफोनमध्ये ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’. नवा फोन घेताना एलसीडीचा किंवा ज्याचा हा वेग हजारांत आहे असा पाहा.

२०-२०-२० म्हणजे काय?

दर २० मिनिटांनी, २० फुटांवरच्या वस्तूकडे, २० सेकंद बघायचं. कॅलिफोर्नियातले दृष्टितज्ज्ञ जेफ्री अँशेल यांनी हे सूत्र रूढ केलं. आकडे लक्षात राहावेत म्हणून सारखे आहेत, वीसच्या जागी पंचवीस झाले तर काही बिघडत नाही. मी गजर लावत नाही. दर दोन पानांनी खिडकीबाहेरच्या सोनमोहराकडे बघते आणि पापण्या पूर्ण मिटून दहा वेळा उघडझाप करते. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा, कारण पडद्यासमोर आपण अर्धवटच मिटतो.

चाळिशी लागली आहे. प्रोग्रेसिव्ह चष्म्याने लॅपटॉपवर वाचताना मान दुखते.

प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचा नंबर तळाशी असतो. मॉनिटर समोर असला की तो तळ वापरायला हनुवटी वर करावी लागते आणि मान आखडते. मॉनिटर आणखी खाली घेऊन मागे कलवून पाहा. दिवसाचे चार तासांपेक्षा जास्त काम असेल तर फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या. डोळे तपासायला जाताना खुर्चीपासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून, कागदावर लिहून न्या. ‘साधारण एवढं’ असं हाताने दाखवू नका. मी तेच केलं होतं आणि माझा पहिला चष्मा दहा सेंटिमीटर जवळचा निघाला.

मुलांचा गृहपाठ फोनवर येतो. नंबर वाढेल का?

वाढत्या वयातल्या मुलांच्या बाबतीत काळजी योग्य आहे. तासन्‌तास जवळ बघणं आणि बाहेर न जाणं यांचा लघुदृष्टीशी, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याशी, संबंध आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना रोज शाळेत ४० मिनिटं जादा मैदानात नेलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लघुदृष्टी आली होती, बाकीच्यांत ३९.५ टक्क्यांना. म्हणजे फोन काढून घेऊन मुलाला घरातच बसवलं तर अर्धंच काम झालं. त्याला उजेडात, अंगणात, गच्चीत, मैदानात सोडा.

गृहपाठाचा फोटो टीव्हीवर टाकून मूल दोन-अडीच मीटरवरून उतरवून घेऊ शकतं, डोळ्यांचे कष्ट एकदम कमी होतात. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्यांना तासाभरापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय.

डोळ्यांत थेंब घालावेत का?

कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. लाली घालवणारे थेंब रोज वापरले की लाली उलट वाढते. आणि मेडिकलमधून कोणीतरी दिलेले स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांशिवाय कधीही घालू नका. त्यांनी लगेच बरं वाटतं, म्हणूनच माणूस महिनोन्‌महिने घालत राहतो. त्यातून डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो आणि गेलेली नजर परत येत नाही. घरात अशी बाटली असेल तर आजच तिच्यावरचं लेबल वाचा.

लोकलमध्ये उभ्याने वाचलं तर?

नुकसान होत नाही, पण हलत्या अक्षराचा पाठलाग करून डोळे लवकर दमतात. अक्षर दोन पायऱ्यांनी मोठं करा, कोपर बरगडीला टेकवा. मळमळत असेल तर कानांनी वाचा. मजकूर वाचून दाखवणारा फोनमधला मराठी आवाज अनुस्वार-उच्चार पुष्कळदा नीट काढतो, आणि बातम्या-लेखांना तेवढं पुरतं.

वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. टॅबवर वाचू देऊ का?

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर जरूर. साधी लेन्स बसवली असेल तर लांबचं स्वच्छ दिसतं, पण वाचायला चष्मा लागतोच, आणि त्याचा नंबर डोळा स्थिरावल्यावर काही आठवड्यांनी काढतात. तोवर ते ‘ऑपरेशन फसलं’ म्हणून खट्टू होतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. पडदा पूर्वीपेक्षा पांढरा, निळसर वाटेल, कारण पिवळी पडलेली नैसर्गिक लेन्स गेलेली असते.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

डोळ्यांसमोर अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं दिसलं किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी. लाल डोळा ठणकत असेल, एकाचे दोन दिसू लागले किंवा एका डोळ्याने सरळ ओळ वाकडी दिसली तरी तसंच. हे स्क्रीनमुळे झालं असेल म्हणून थांबू नका. मधुमेह असेल तर काहीही त्रास नसताना वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासून घ्या. त्यातलं नुकसान सुरुवातीला वाचताना मुळीच कळत नाही.

पडदा कशाने पुसावा?

चष्म्यासोबत मिळणाऱ्या मऊ कापडाने, जरूर पडल्यास त्याला किंचित पाण्याचा हात लावून. काचा पुसायचे फवारे नकोत, मॅट पडद्यावरचा थर त्याने जातो. बोटांचे तेलकट ठसे प्रकाश पसरवतात आणि नेमके अनुस्वार त्यात हरवतात. मी रोज पहिलं प्रूफ उघडण्याआधी, पडदा बंद असतानाच पुसते. काळ्या काचेवर कालचे ठसे चटकन दिसतात.